ओबर्लिन पाळक आणि त्यांच्या विणकामाच्या शेकोट्या

ज्या पाळकांची नावे ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात ठळक अक्षरांनी लिहिली गेली, त्यांपैकी पुष्कळांनी मोठमोठ्या शहरांत उपदेश केले, जाडजूड ग्रंथ रचले, अथवा राजेलोकांपुढे उभे राहून आपल्या विश्वासाची साक्ष दिली. योहान फ्रीडरिख ओबर्लिन हे पाच गरीब खेड्यांचे पाळक होते. आपल्या वयाच्या सव्विसाव्या वर्षी ते ज्या खोऱ्यात गेले, त्याच खोऱ्यात एकोणसाठ वर्षे राहून ते प्रभूच्या ठायी निजले. तरीही त्यांचे नाव युरोपखंडात सर्वत्र पसरले, आणि अमेरिकेत 1833 साली स्थापन झालेल्या एका प्रसिद्ध महाविद्यालयास व त्या गावास त्यांचेच नाव देण्यात आले.

त्यांचे चरित्र आम्ही आज सांगावयास घेतो, त्यास एक विशेष कारण आहे. शाळा सुटल्यावर व सुटीच्या दिवसांत मंडळीच्या मुलांस एकत्र जमवून त्यांस काही चांगले शिकवावे, असे आमच्या पुष्कळ खेड्यांतील मंडळ्यांस वाटते. परंतु हे काम करावे कोणी आणि त्यास पैसा आणावा कोठून, ह्या दोन प्रश्नांपाशी येऊन विचार थांबतो. ओबर्लिन पाळकांपुढे हेच दोन प्रश्न होते, आणि त्यांची खेडी आमच्या खेड्यांहून श्रीमंत नव्हती.

त्यांचा जन्म 31 ऑगस्ट 1740 रोजी स्ट्रासबर्ग शहरी झाला. वडील तेथील प्रॉटेस्टंट विद्यालयात शिक्षक असून घरी मुलांचा परिवार मोठा व उत्पन्न बेताचे होते. थोरले बंधू जेरेमियास याकोब हे पुढे नामांकित विद्वान झाले. सुटीच्या दिवशी वडील आपल्या मुलांस शहराबाहेर नेत, गळ्यात जुना नगारा अडकवून तो वाजवीत, आणि मुलगे शिपायांसारखे रांगेने चालत. ह्या खेळामुळे लहान फ्रीडरिखच्या मनात लष्करी शिस्तीची गोडी उत्पन्न झाली, ती शेवटपर्यंत गेली नाही. त्यांच्या बालपणाची एक गोष्ट सांगतात. बाजारात काही दांडग्या मुलांनी एका गरीब बाईची अंड्यांची टोपली पाडली, तेव्हा हा मुलगा घरी धावत गेला, साठविलेल्या पैशांची आपली पेटी घेऊन आला व त्या बाईचे नुकसान त्याने भरून दिले. वयाच्या विसाव्या वर्षी, म्हणजे 1760 साली, त्यांनी देवाशी करार करून आपले सर्व आयुष्य त्यास वाहिल्याचे लेखी लिहून ठेवले, आणि दहा वर्षांनी तो करार पुन्हा नवा केला.

ईश्वरविज्ञानाचा अभ्यास संपल्यावर ते स्ट्रासबर्ग येथील झीगेनहागेन नावाच्या शस्त्रवैद्याच्या घरी मुलांचे शिक्षक म्हणून राहिले. तेथे त्यांस औषधोपचाराचे जे थोडेबहुत ज्ञान मिळाले, ते पुढे डोंगरात फार उपयोगी पडले. त्यानंतर एका फ्रेंच पलटणीचे पाळक व्हावे असा त्यांचा विचार जवळजवळ ठरलाच होता. इतक्यात 1767 साली श्टूबर नावाचे एक पाळक त्यांचा शोध करीत त्यांच्या माडीवरच्या खोलीत आले. ओबर्लिन दाढदुखीने बेजार होऊन अंथरुणावर पडले होते. पलंगास कागदाचे पडदे लावलेले होते, आणि दिव्याच्या ज्योतीवर एक लहानसे भांडे टांगलेले असून त्यात पाणी, पाव व मीठ ह्यांचे त्यांचे रात्रीचे जेवण शिजत होते. हा देखावा पाहून श्टूबरांस आनंद झाला, कारण त्यांस आपल्या जागी नेमकी अशीच व्यक्ती पाहिजे होती.

श्टूबरांची ती जागा म्हणजे व्होज पर्वतातील बान द ला रोश नावाचा मुलूख. जर्मन लोक त्यास श्टाइनटाल, म्हणजे दगडांचे खोरे, असे म्हणत. आणि हे नाव खरेच होते. वाल्डर्सबाख हे पाळकाच्या राहण्याचे गाव असून बेलमाँ, बेलफोस, फूदे व सोलबाख ही इतर खेडी डोंगरउतारांवर विखुरलेली होती. जमीन खडकाळ, हिवाळा अर्ध्या वर्षाचा आणि बाहेर जाण्यास धड रस्ता नाही, अशी तेथील स्थिती होती. लोकांची बोली फ्रेंच भाषेची एक जुनी शाखा असून ती बाहेरच्या मनुष्यास समजत नसे. श्टूबर पहिल्याने तेथे गेले, तेव्हा त्यांनी शाळा पाहावयास मागितली. त्यांस एका झोपडीत नेण्यात आले. तेथे मुलांचा गलबला चालला होता व कोपऱ्यात बिछान्यावर एक जख्ख म्हातारा पडला होता. हेच गुरुजी! पूर्वी ते गावची डुकरे राखीत. वयामुळे ते काम होईना, म्हणून गावाने त्यांस मुले राखावयास दिली. त्यांस स्वतःस काही येत नसल्यामुळे ते मुलांस काही शिकवीतही नसत. ह्या गोष्टीस हसणे सोपे आहे. पण गावाने मुलांची किंमत कशी केली होती हे तिच्यावरून कळते, आणि तशी किंमत करणारी गावे त्या खोऱ्यातच होती असे नाही.

श्टूबरांनी वाचनाची पुस्तके तयार केली, घरोघर नेण्यासाठी लहानसा ग्रंथसंग्रह ठेवला, आणि शिक्षकाच्या धंद्यास लोक कमी लेखीत म्हणून शिक्षकांस एक नवे मानाचे नाव दिले. अशा रीतीने नांगरलेल्या भूमीत ओबर्लिन 30 मार्च 1767 रोजी आले. पुढल्या वर्षी त्यांचा विवाह सालोमे विटर ह्या सुशिक्षित बाईशी झाला.

आरंभी लोकांनी त्यांचे स्वागत केले असे मात्र समजू नये. नवा पाळक नवे काहीतरी करू पाहतो हे दिसताच काही तरुणांनी उपासनेनंतर वाटेत दबा धरून त्यांस मारण्याचा बेत केला. ओबर्लिनांस हे कळले. त्या दिवशी त्यांनी अन्याय सोसण्याविषयी उपदेश केला, आणि उपासना संपताच ते मंडळी जेथे जमली होती त्याच घरी आपण होऊन गेले व त्यांच्या स्वाधीन झाले. मारावयास आलेल्या त्या मनुष्यांनी लाजून क्षमा मागितली, आणि पुढे त्यांच्याशी मैत्री केली.

शाळेच्या इमारतीचाही प्रसंग असाच झाला. वाल्डर्सबाखची शाळा मोडकळीस आली होती, परंतु नवी बांधली तर तिच्या दुरुस्तीचा बोजा आपणांवर पडेल ह्या भीतीने गावकऱ्यांनी परवानगी नाकारली. तेव्हा गावास एक कवडीही द्यावी लागणार नाही असे वचन देऊन ओबर्लिनांनी ती जबाबदारी आपल्या शिरावर घेतली, आणि स्ट्रासबर्गच्या मित्रांपाशी पदर पसरून इमारत उभी केली. काही वर्षांनी इतर चार खेड्यांनी आपापल्या शाळा स्वतःच्या श्रमाने बांधल्या. पहिली शाळा बांधताना त्यांनी सोसलेले कर्ज व चिंता आम्ही येथे विस्ताराने सांगत नाही. ज्यांनी खेड्यात मंदिराचे अथवा शाळेचे छप्पर घातले आहे, त्यांस ते ठाऊकच आहे.

आता मुख्य विषयाकडे येऊ.

शाळा झाली, शिक्षक मिळाले. परंतु शाळेत बसण्याजोगी ज्यांची वये नव्हती अशी दोन वर्षांपासून सहा-सात वर्षांपर्यंतची मुले दिवसभर रस्त्यात, उकिरड्यावर व ओढ्याकाठी भटकत. आईबाप शेतात अथवा रानात. मोठी मुले शाळेतून सुटली म्हणजे तीही ह्यांच्यात मिसळत, आणि शाळेत जे शिकली ते तासाभरात विसरत. ओबर्लिन ह्याविषयी विचार करीत असता त्यांस बेलमाँ गावी एक आश्चर्याची गोष्ट दिसली. सारा बांझे नावाची एक तरुणी शेजारपाजारच्या मुलांस आपल्या घरी बसवून विणावयास शिकवीत होती. ती 1745 साली जन्मलेली, म्हणजे त्या वेळी विशीतली होती. त्या खोऱ्यात विणकाम पूर्वी कोणास येत नसे. साराने ते स्वतः शिकून घेतले होते, आणि कोणी न सांगता ते ती मुलांस देत होती.

परंतु साराच्या वडिलांस हे मान्य नव्हते. आपली हाताशी आलेली मुलगी घरचे काम सोडून परक्यांच्या मुलांमागे वेळ घालविते, आणि त्याचे घरात काही येत नाही, अशी त्यांची तक्रार होती. आमच्या मते ह्या शेतकऱ्याची तक्रार अयोग्य नव्हती. गरिबाच्या घरात दोन हात कमी झाले म्हणजे काय होते हे पोटभर जेवणाऱ्यांनी त्यास शिकवू नये. ओबर्लिनांनीही त्यास उपदेश करून गप्प बसविले नाही. त्यांनी त्याच्याशी रीतसर करार केला, साराच्या श्रमाचे वेतन ठरविले, आणि तिला मंडळीच्या कामावर नेमले. ही गोष्ट 1770 च्या सुमारास घडली. अशा रीतीने लहान मुलांसाठी पगारावर नेमलेल्या शिक्षिकांचा जो वर्ग आज जगभर दिसतो, त्याच्या अगदी पहिल्या व्यक्तींत ह्या डोंगरी शेतकऱ्याच्या मुलीची गणना होते. तिला फार आयुष्य लाभले नाही. 1774 साली, तिशीही न गाठता, ती मरण पावली. तोपर्यंत तिच्यासारख्या दुसऱ्या तरुणी तयार झाल्या होत्या.

ह्या वर्गांस त्या खोऱ्यात विणकामाच्या शेकोट्या म्हणत. हिवाळ्यात ज्या घरातील खोलीत शेगडी पेटलेली असे, तेथेच मुले जमत. म्हणून शेगडीचे नाव खोलीस, आणि खोलीचे नाव शाळेस पडले. निराळी इमारत नव्हती, बाके नव्हती. कोणा कुटुंबाची एक ऊबदार खोली, आणि मध्ये गोल करून बसलेली मुले एवढेच. चालविणाऱ्या तरुणींस ओबर्लिनांनी जे नाव दिले त्याचा अर्थ कोवळ्या वयाच्या मुलांच्या वाटाड्या असा होतो. त्यांस शिक्षिका न म्हणता वाटाड्या म्हणणे आम्हांस फार आवडते. डोंगरात राहणाऱ्या लोकांस वाटाड्याची किंमत ठाऊक असते. तो पुढे चालतो, परंतु मागच्याचे पाऊल पाहून चालतो.

प्रत्येक शेकोटीवर शक्य तेथे दोघी असत. एक हातकाम पाही आणि दुसरी मुलांस शिकवी व रमवी. अगदी लहानांस थोडा वेळ शांत बसविण्यात येई व मग खेळावयास सोडण्यात येई. पाच-सहा वर्षांच्या मुलांस, मुलगे असोत की मुली, विणणे, कातणे व शिवणे शिकवीत. बोटे थकली, डोळे इकडेतिकडे फिरू लागले, की विणकाम खाली ठेवीत व रंगीत चित्रे बाहेर काढीत. काही चित्रे पवित्र शास्त्रातील गोष्टींची, काही पशुपक्ष्यांची व वनस्पतींची असत. वाटाडी चित्राचा अर्थ सांगे, मुले तिच्यामागून म्हणत. ओबर्लिनांनी लाकडावर कोरून नकाशे करविले होते. त्यांत प्रथम आपले खोरे, मग फ्रान्स, मग युरोप असा क्रम होता. घराच्या उंबरठ्यापासून आरंभ करून मूल जगात जाई. मग गीते. मग पुन्हा विणकाम. ऋतू चांगला असला म्हणजे सर्वांस रानात नेऊन झाडे ओळखावयास शिकवीत. कोणते पान खाण्याजोगे, कोणते विषारी, कोणते औषधी, हे दुष्काळाच्या त्या मुलखात मुलास कळणे अगत्याचे होते. आज आमच्या वाचकांस ह्यात नवल वाटणार नाही, कारण गावोगाव अंगणवाड्या झाल्या आहेत. परंतु रॉबर्ट ओवेन ह्यांची न्यू लॅनार्क येथील बालशाळा 1816 सालची आणि फ्रोबेल ह्यांचे किंडरगार्टन 1840 सालचे आहे; ह्या शेकोट्या त्यांच्या कितीतरी वर्षे आधी पेटल्या होत्या.

वाटाड्यांस तयार करण्याचे काम पाळकांच्या पत्नी सालोमे ह्यांनी केले. त्या स्वतः ह्या मुलींस शिकवीत, वर्ग कसा चालवावा हे दाखवीत, व अडचणी ऐकून घेत. चरित्रकार पाळकांचे नाव घेतात आणि बाईंस एका ओळीत आटोपतात. हे योग्य नाही असे आम्हांस वाटते. नुसत्या उत्साही तरुणांवर मुले सोपवून दिली म्हणजे वर्ग दोन महिने चालतो. त्यांच्या पाठीशी रोज विचारपूस करणारे प्रौढ मनुष्य असेल तर तो टिकतो. वाल्डर्सबाख येथे ते मनुष्य पाळकांच्या स्वयंपाकघरात होते.

आठवड्यातून ठरलेल्या वेळी सर्व गावांची शाळेतील मुले पाळकांपाशी जमत, आणि रविवारी पाचही खेड्यांची मुले मंदिरात येऊन आठवडाभर शिकलेली वचने व गीते म्हणत. दृढीकरणाच्या आधी प्रत्येक मुलाने दोन झाडे लावल्याचे प्रमाण आणावे, असा ओबर्लिनांचा नियम होता. प्रश्नोत्तरे पाठ असून झाडे लावली नसतील तर ते चालत नसे! हा नियम कोणास विचित्र वाटेल. परंतु त्यांनी झाडांच्या बाबतीत मोठ्यांसही असेच हळूच शिकविले होते. लोक शेतकीविषयी शहरी पाळकाचे ऐकत नाहीत हे पाहून त्यांनी आपल्या बागेतून, जेथून पायवाट जाई तेथेच, खोल चर खणून चांगली माती भरली व सफरचंद, नासपती, चेरी इत्यादींची रोपे लावली. ती फोफावली तेव्हा येणारेजाणारे थांबून विचारू लागले, आणि मग सांगण्यास काही अडचण राहिली नाही. बटाट्याचे बियाणे निकस झाले होते, ते त्यांनी बाहेरून आणवून सुधारले. जवसाची लागवड व जनावरांसाठी चांगल्या गवताची पेरणीही त्यांनी सुरू केली.

रस्त्याची गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. ब्रूश नदीवर पूल नव्हता. हिवाळ्यात खोरे जगापासून तुटत असे. ओबर्लिनांनी लोकांस जमवून रोथाऊपर्यंत रस्ता करण्याची सूचना केली. सर्वांनी निमित्ते सांगितली. मग पाळकांनी खांद्यावर कुदळ टाकली व ते एका सोबत्यासह कामास गेले. थोड्याच दिवसांत गावेच्या गावे मागून आली. दरडी रोखण्यास भिंती बांधल्या गेल्या, नदीवर पूल झाला, आणि त्यास प्रीतीचा पूल असे नाव पडले. त्यांनी होतकरू मुलांस सुतारकी, गवंडीकाम, लोहारकी इत्यादी शिकण्यास व बायांस सुईणीचे काम शिकण्यास स्ट्रासबर्गास पाठविले. हातउसने देणारा एक फंड त्यांनी काढला. ठरल्या दिवशी जो फेड करीत नसे त्याचा पुन्हा घेण्याचा हक्क जाई. स्वतःच्या तुटपुंज्या उत्पन्नातून दशमांश काढून तो वेगवेगळ्या पेट्यांत टाकण्याचा त्यांचा परिपाठ होता, आणि पाहुण्यांस ते ह्या पेट्या दाखवीत.

सालोमेबाई जानेवारी 1783 मध्ये मरण पावल्या. घरी सात मुले. त्या वेळी लुईझ शेपलर नावाची एकोणीस वर्षांची मुलगी घरात होती. ती बेलफोस गावच्या शेतकऱ्याची; 1779 साली, पुरती सोळा वर्षांचीही नसता, ती पाळकांच्या घरी कामास आली होती आणि लागलीच वाटाड्यांत सामील झाली होती. बर्फातून एका गावाहून दुसऱ्या गावी चालत जाऊन तिने वर्ग घेतले. आता तिने मुलांचे आईपण, घराचा कारभार व सर्व शेकोट्यांची देखरेख ही तिन्ही ओझी उचलली. पुढे तिने पाळकांस लेखी कळविले की आपणास ह्यापुढे वेतन देऊ नये. गरजेपुरते मागून घेईन, आपणास घरच्या मुलीप्रमाणे वागवावे. ओबर्लिनांनी गुपचूप दुसऱ्यांच्या हाताने पैसे पाठवून पाहिले, तेही तिने ओळखले.

येथे आम्हांस थोडे थांबून बोलणे भाग आहे. लुईझबाईंचा त्याग थोर आहे. परंतु हा दाखला आमच्या मंडळ्यांत एका विशिष्ट हेतूने सांगितला जातो. मुलांचा वर्ग घेणाऱ्या तरुण भगिनीस प्रवासखर्चही न देता, प्रभूची सेवा म्हणून समजून घे, असे पंच सांगतात. अशांनी लुईझबाईंचे नाव घेण्यापूर्वी साराच्या वडिलांची आठवण करावी. वेतन नको म्हणण्याचा अधिकार लुईझबाईंस होता, कारण ते त्यांस देऊ केलेले होते. जे देऊ केलेच नाही त्याचा त्याग कोणी करू शकत नाही.

ओबर्लिन पाळकांच्या काही गोष्टी आमच्या मनास पटत नाहीत, त्याही सांगितल्या पाहिजेत. पत्नीच्या मृत्यूनंतर ती नऊ वर्षे आपणास दर्शन देत होती असे ते मानीत. स्वर्गातील निवासांचा तक्ता त्यांनी काढला होता. मनुष्याच्या चेहऱ्याच्या रेषेवरून व आवडत्या रंगावरून त्याचा स्वभाव ते ठरवीत. शास्त्रात ज्यास आधार नाही अशा ह्या कल्पना त्यांच्यापाशीच राहिल्या हे बरे झाले. त्याहून गंभीर गोष्ट भाषेची आहे. शेकोट्यांवर मुलांनी आपली घरची बोली न बोलता शुद्ध फ्रेंच बोलावी असा त्यांचा कटाक्ष होता. त्यांचा हेतू चांगला होता. पुस्तके फ्रेंच भाषेत, बाजार फ्रेंच भाषेत, आणि बोलीमुळे लोक कोंडलेले. त्या मुलांस त्यामुळे जग खुले झाले, हे खरे. परंतु आईच्या तोंडची भाषा उंबरठ्याबाहेर ठेवून ये असे चार वर्षांच्या मुलास सांगावे लागणे ही आम्हांस जड किंमत वाटते. ज्यांच्या बापजाद्यांनी शुभवर्तमान आपल्या मराठीत ऐकले म्हणूनच ते त्यांच्या अंतःकरणात शिरले, त्यांस ह्याहून अधिक सांगावयास नको.

ह्याच भाषेच्या कामामुळे मात्र त्यांचे मोठ्या संकटात रक्षण झाले. फ्रेंच राज्यक्रांतीत ख्रिस्ती उपासना बंद पाडण्यात आली, पाळकांचे वेतन थांबले. त्यांचा थोरला मुलगा सैन्यात जाऊन 1793 साली पडला. क्रांतीच्या नियमाप्रमाणे गावोगाव लोकसभा भरवाव्या लागत, तेव्हा ओबर्लिनांनी मंदिरातच सभा भरविली, आणि सभेचे वक्ते म्हणून उपदेश चालू ठेवला. 1794 च्या उन्हाळ्यात त्यांस पकडून नेण्यात आले, परंतु रोबेस्पिएरचा अंत होताच ते सुटले; आणि त्याच वर्षी पॅरिस येथील राष्ट्रीय सभेने खोऱ्यात फ्रेंच भाषेचा प्रसार केल्याबद्दल त्यांचा व वृद्ध श्टूबरांचा सन्मानपूर्वक उल्लेख केला. एका हाताने कैद व दुसऱ्या हाताने मान, असे राजकारणात घडते.

पुढली वर्षे आम्ही थोडक्यात सांगतो. रानाच्या हक्कावरून शेतकरी व जमीनदार ह्यांच्यात ऐंशीहून अधिक वर्षे चाललेला दावा ओबर्लिनांच्या रदबदलीने 1813 साली मिटला, आणि ज्या लेखणीने तहावर सही झाली ती त्यांच्या खोलीत टांगण्यास त्यांस देण्यात आली. त्याच सुमारास बाझल येथील लग्राँ कुटुंबाने फिती विणण्याचा धंदा फूदे येथे आणला. ज्या मुलखात पन्नास वर्षांपूर्वी विणणे कोणास ठाऊक नव्हते, तेथे आता कुटुंबे घरी बसून ह्या धंद्यावर पोट भरू लागली. पॅरिसच्या शेतकी मंडळाने 1818 साली सुवर्णपदक दिले, आणि 1819 साली राजाने लीजन ऑफ ऑनर हा किताब दिला. खोऱ्यातील लोक त्यांस पापा ओबर्लिन म्हणत. त्या नावापुढे किताबाची मातब्बरी त्यांस वाटली नसावी.

1 जून 1826 रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. पुरण्याची जागा फूदे येथे होती. वाल्डर्सबाखहून निघालेल्या लोकांचे टोक फूदेच्या मंदिराशी पोहोचले तरी शेवटची माणसे पाळकाच्या घरापाशीच होती, असे सांगतात. शाळेची मुले वाटेने गीते म्हणत चालली. आसपासचे रोमन कॅथलिक लोकही आले होते, आणि त्यांच्यातील काही बाया काळी वस्त्रे नेसून स्मशानभूमीत गुडघे टेकून प्रार्थना करीत होत्या.

ओबर्लिनांनी आपल्या मृत्युपत्रात लुईझबाईंस आपल्या मुलांच्या स्वाधीन केले होते. मुलांनी त्यांस वडिलांच्या मालमत्तेत एका अपत्याचा वाटा देऊ केला. तो त्यांनी नाकारला, आणि आपल्या नावास ओबर्लिन हे नाव जोडण्याची तेवढी परवानगी मागितली. सत्तेचाळीस वर्षे त्यांनी त्या घरी सेवा केली होती. 1829 साली फ्रेंच अकादमीने सद्गुणाबद्दलचे मोंत्यों पारितोषिक, पाच हजार फ्रँक, लुईझबाईंस दिले. त्याचा अहवाल क्यूव्हिए ह्या महान शास्त्रज्ञाने वाचला, आणि लहान मुलांच्या शाळांची मूळ कल्पना ह्या शेतकऱ्याच्या मुलीची, असा मान त्याने त्यांस दिला. साराची हकीकत त्यास ठाऊक नसावी. लुईझबाईंनी ही रक्कम स्वतःसाठी राखली नाही. 1837 च्या जुलै महिन्यात, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांचा अंत झाला.

वाल्डर्सबाख येथील पाळकाचे जुने घर आता संग्रहालय आहे. तेथे ओबर्लिनांनी वर्गांसाठी करविलेले नकाशे, वाळवून चिकटविलेल्या वनस्पती, चित्रांचे पत्ते व मुलांची खेळणी जपून ठेवलेली आहेत.